आतल्याला पासवर्ड लागत नाही

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात फोटो छापावा असा मुद्देमालही नव्हता. एका वेबसाइटवर कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, याचा एक नियम चुकला होता, एवढंच. पण त्या चुकीपायी एका निरपराध पोराला कोठडीत घालायची तयारी झाली होती. पोलीस ठाण्याच्या दारात तर झालीच होती, थोडी आतही झाली होती.

मी मूळचा गोंदियाकडचा. दहावीत शाळा सुटली. पुढे बाहेरून परीक्षा दिली आणि जिथे भरती निघाली तिथे गेलो. ती कोल्हापुरात निघाली. शिपाई म्हणून लागलो, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झालो. सुरुवातीला इथलं बोलणं म्हणजे भांडणच वाटायचं. नंतर कळलं, ते जेवायला बोलावत असतात. या गावाने मला परकं ठेवलं नाही, हे उपकार मी विसरत नाही. नाव मात्र कायमचं पडलं, ‘नागपूर’. गोंदिया कुठे आहे हे सांगून सांगून मी थकलो.

आणखी एक सांगतो. मी स्वभावाने घाबरट. कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघणारा. साहेबांनी हाक मारली की आधी वाटतं, आपलंच काही चुकलं असणार. खात्यात यावरून पुष्कळ हसले लोक. हसू देत. घाबरट माणूस कागद नीट वाचतो, आणि त्या प्रकरणात तेच कामाला आलं.

मंगळवार पेठेत एक वधू-वर मंडळ होतं. चालवणारे एक वयस्कर जैन गृहस्थ, पिढीजात व्यापारी, सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. आधी समाजापुरतं होतं, मग सगळ्यांसाठी खुलं केलं. वेबसाइट होती. त्यात एक भाग सगळ्यांना दिसायचा आणि एक भाग फक्त कार्यालयासाठी. त्या आतल्या भागात मुलींचे फोटो, फोन नंबर आणि ‘या स्थळाला मुलीकडून नकार, कारण अमुक’ असे शेरे.

एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना एक तरुणी ठाण्यात आली. शिक्षिका होती. ठाणे अंमलदारासमोर तिने मोबाइल ठेवला. त्या आतल्या भागाचे फोटो मोबाइलवर फिरत होते. त्यात ती होती, तिचा नंबर होता, आणि तिने कुणाला का नाकारलं तेही होतं. कालपासून अनोळखी लोक फोन करून घाण बोलत होते.

“घरच्यांना सांगितलं?” मी विचारलं.

“घरचे म्हणत्यात, नंबर बदल, गप बस. मी का गप बसू? मी काय केलंय?” मग म्हणाली, “आणि साहेब, मला कुणीतरी पकडून नको. ज्येनं केलंय तोच पाहिजे.”

हे वाक्य मी मनात ठेवलं. तक्रारदार असं सहसा बोलत नाही.

गुन्हा नोंद झाला. आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याकडे असतो, म्हणून कागदावर साहेब आणि पळापळीला मी. दुपारपर्यंत आमची वाट न बघता लोकांनीच गुन्हेगार शोधला. मंडळाच्या वेबसाइटचं काम करणारा एक पोरगा होता, गडमुडशिंगीचा, मुसलमान कुटुंबातला. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पासवर्ड त्याच्याकडे. झालं. त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दहा-वीस जण ठाण्यात घेऊन आले आणि फाटकात उभे राहिले.

पुढारीपण करणारा एक कार्यकर्ता ओरडला, “आत्ताच्या आत्ता अटक दाखवा! नाव बघितलं की कळतंय सगळं.”

मी बाहेर गेलो. “नाव बघून अटक करायची सोय कायद्यात नाही.”

“ओ नागपूर, संत्री विकायला आलाय का तपास करायला?”

“संत्री संपली. तुमच्याकडे पुरावा असेल तर आत या, जबाब लिहून घेतो. सही लागेल.”

सही म्हटल्यावर दोघं-तिघं मागे सरकले. हा माझा जुना अनुभव आहे. गर्दीत प्रत्येकाला सगळं माहीत असतं, सही करायला कुणालाच काही माहीत नसतं.

पोराला मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. उत्तरं सरळ येत होती. कधीपासून काम करतो, काय करतो, सगळं सांगितलं. मोबाइल आपण होऊन टेबलावर ठेवला.

“पासवर्ड कुणाकुणाकडे?”

“माझ्याकडं आणि अण्णांकडं.”

“अण्णांनी कुणाला दिला असेल?”

“न्हाय हो, अण्णा पासवर्ड वापरतच न्हाईत, त्यास्नी तर…”

आणि त्याने वाक्य तिथेच तोडलं. एकदम.

“मग ते उघडतात कसं?”

त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

“बाळा, बाहेर कोण उभं आहे बघितलंस ना?”

“बघितलं साहेब. पण अण्णांचं नाव माझ्या तोंडनं येणार न्हाय. माझ्या बहिणीच्या लग्नात सगळ्यात पुढं तेच उभं हुते.”

इतक्या वर्षांत मी एक बघितलंय. गुन्हा केलेला माणूस जास्त बोलतो, विचारलं नाही तेही सांगतो. दुसऱ्याला वाचवणारा मात्र वाक्य अर्धं सोडतो. हा अर्धं सोडणारा होता.

साहेबांकडे गेलो. तेवढ्यात सायबर पोलीस ठाण्याकडून फोन आला होता. तो आतला भाग शुक्रवारी दुपारी मंडळाच्या कार्यालयाच्याच इंटरनेटवरून उघडला गेला होता. साहेब म्हणाले, “बघा. आतलाच माणूस. अटक दाखवा आणि फाटक मोकळं करा. वरून फोन येतायत.”

“साहेब, उद्यापर्यंत थांबा. नोटीस देऊन चौकशीला बोलावलंय असंच राहू दे.”

“नागपूर, निवृत्तीला आलात तुम्ही. कशाला अंगावर घेताय?”

“साहेब, अटकेचा कागद तुमच्या सहीने होईल. पण चौकशीचा अहवाल मला लिहायचाय. त्यात पुरावा नाही असंच येईल.”

हुद्द्याने मोठ्या माणसाला मी असं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, “उद्या संध्याकाळ. त्यापुढे नाही.” पोराला मागच्या दाराने, जीपमधून त्याच्या घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायबर ठाण्यात गेलो. तिथल्या महिला हवालदार बाईंनी मला स्क्रीनसमोर बसवून समजावलं. मला समजत नाही हे मी आधीच सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

“साहेब, पासवर्ड टाकून कोण आत आलं तर त्येचं नाव हितं पडतं. हितं बघा, नुसती रेघ हाय.”

“नाव लपवलंय?”

“न्हाय. नाव इचारलंच न्हाय.”

“म्हणजे कुलूप तोडलं?”

“तोडायला गेलं असतं तर आधी नकार मिळाल्याच्या नोंदी दिसल्या असत्या. एक बी न्हाय. दार उघडंच हुतं. आणि उघडलंय मोबाइलवरनं.”

मग त्यांनी सांगितलं, सर्व्हरला नियम घालून देता येतात. अमुक ठिकाणाहून कोणी आलं तर सोड, बाकीच्यांना नाव आणि पासवर्ड विचार. दोन्ही अटी पाहिजेत असं सांगता येतं, दोन्हीपैकी एक पुरे असंही सांगता येतं. इथे बहुतेक एक पुरे असं झालंय. कार्यालयातून आलात की ओळख विचारायची नाही.

“पण कार्यालयात तर तो पोरगा आणि अण्णाच असतात,” मी म्हणालो.

“ते तुम्हीच जाऊन बघा की.”

दोन पंच घेतले, साध्या वेशात मंगळवार पेठेत गेलो. पंचांना म्हटलं, तुम्ही मुलाकडचे, मी मामा. पुढच्या दालनात खुर्च्या, भिंतीला देवाचा फोटो, टेबलाशी कार्यालय सांभाळणाऱ्या एक बाई, सगळे त्यांना वहिनी म्हणायचे.

“या पावणं. कुठनं आलाय?”

“गोंदियाहून.”

“अगं बाई! तितक्या लांबनं? तिकडं पोरी संपल्या व्हय?”

पंचांपैकी एकाला हसू आवरेना. वहिनींनी चहा सांगितला आणि माझा मोबाइल बघून म्हणाल्या, “वायफाय जोडा की. अण्णांना येळ हाय. पासवर्ड भितीवर लिवलाय.”

“सगळ्यांना देता?”

“मग? पावणं बसलंय आणि नेट न्हाय, बरं दिसतंय का? चहा आणि वायफाय, हितं इचारत न्हाईत, देतात.”

मी जोडलं. वेबसाइट उघडली. खाली बारीक अक्षरात ‘कार्यालयासाठी’ असं होतं, त्यावर बोट ठेवलं. काहीही न विचारता मुलींचे चेहरे समोर आले. नंबर, शेरे, सगळं. मी लगेच बंद केलं, रस्त्यावर गेलो, माझ्या स्वतःच्या इंटरनेटवरून तेच उघडलं. आता नाव आणि पासवर्ड विचारला. परत आत आलो, वायफाय जोडलं. पुन्हा उघडं. पंचांना दोन्ही ठिकाणी दाखवलं.

मग वहिनींना ओळख सांगितली आणि तिथेच पंचनामा लिहायला घेतला. त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. “म्हंजे मीच दिलं की सगळ्यास्नी!” म्हणून डोळ्याला पदर लावला.

“वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं. शुक्रवारी दुपारी इथे कोण बसलं होतं, तेवढं आठवा.”

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. “मलकापूरचं एक पावणं. भाच्यासाठी आलतं. अण्णांनी सांगितलं, त्या शिक्षिका बाईंकडनं नकार आलाय. तरी उठंना. बिनसाखरेचा चहा मागून घेतला आणि मोबाइलात डोकं घालून बसलं. जाताना राम राम बी न्हाय.”

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांना मी फक्त एक विचारलं, “अण्णा, तुम्ही पासवर्ड का टाकत नाही?”

“रोज सकाळी ते मशीन मला इचारायचं, तुम्ही कोण? माझ्याच हापिसात, माझ्याच खुर्चीवर! पोराला म्हटलं, ह्ये बंद कर.”

“तो काय म्हणाला?”

अण्णांनी चष्मा काढला. “म्हणला, बंद करतो, पण पावण्यांचं वायफाय येगळं ठेवूया. मी त्येच्यावर वराडलो. पावण्याला येगळं? पावणा परका हाय व्हय?” बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. “त्येनं हे सांगितलं न्हाय तुम्हाला?”

“नाही. म्हणून तर तो आज संध्याकाळी आत जाईल.”

अण्णा म्हणाले, “मंडळ बुडंल हो. पोरींचे आई-बाप दारात येतील.”

“येतील. ते मी अडवू शकत नाही. आत्ता ठाण्याच्या फाटकात जे उभे आहेत, त्यांना मात्र तुमच्या तोंडून ऐकायला लागेल. माझं ते ऐकत नाहीत, मी नागपूर.”

त्यांनी चपला पायात घातल्या.

फाटकात कालच्यापेक्षा जास्त लोक होते. पोराला नोटिशीप्रमाणे पुन्हा बोलावलं होतं, तो बाकावर बसला होता. अण्णा फाटकाच्या आत न येता लोकांकडे तोंड करून उभे राहिले. “पासवर्डाचा नियम माझ्या सांगण्यावरनं काढला. पोरगं पावण्यांचं वायफाय येगळं ठेवूया म्हणत हुतं, मीच ऐकलं न्हाय. शिव्या द्यायच्या तर मला द्या.”

कार्यकर्ता म्हणाला, “अण्णा, तुम्ही त्येला पाठीशी घालू नका.”

“तो मला पाठीशी घालत हुता रे! कालपासनं!”

तक्रारदार बाई जबाबासाठी आल्या होत्या, त्या पुढे झाल्या. मला वाटलं आता अण्णांचं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, “अण्णा, मी माझा नंबर बदलणार न्हाय. तुम्ही तुमचा नियम बदला. आजच.” आणि बाकावरच्या पोराकडे वळून, “जमंल न्हवं?” तो उभा राहिला. होकारार्थी मान हलवली.

मलकापूरचा पाहुणा दुसऱ्या दिवशी मिळाला. फोटो सगळ्यात आधी त्याच्याच मोबाइलवरून गेले होते. मोबाइल जप्त केला. तो मात्र तोऱ्यात. “उघडं हुतं, बघितलं. मी काय कुलूप तोडलंय?”

“बघितलंत ते चुकून झालं म्हणू. गावभर पाठवलंत, तेही चुकून?”

“आमच्या पोराला नाकारती म्हंजे काय?”

एवढं बोलला आणि मग वकिलाशिवाय बोलला नाही. पुरेसं होतं. दोषारोपपत्र गेलं.

मंडळाची काही स्थळं तुटली, काही महिने खुर्च्या मोकळ्या होत्या. पाहुण्यांचं वायफाय वेगळं झालं आणि आतल्या भागाला प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड लागायला लागला, मग कुठूनही या. माझ्यावर साहेब काही दिवस नाराज होते, नंतर त्यांनीच चहाला बोलावलं. वर कुणीतरी माझं नाव लक्षात ठेवलं असावं, कारण शेवटची पोस्टिंग मुख्यालयात, खिडकी नसलेल्या खोलीत झाली. झाली तर झाली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. त्या सर्व्हरला सांगितलं होतं, आत बसलेला आपला, त्याला विचारू नको. बाहेरच्या जमावानेही तेच केलं होतं. मलकापूरचा पाहुणा आपल्यातला, म्हणून त्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. पोरगा परका, म्हणून त्याला काही विचारायचीही गरज वाटली नाही. पोलिसाचं काम सगळ्यांना विचारण्याचं आहे. साहेबांनाही, अण्णांनाही, आपल्या माणसांनाही. भीती वाटत असली तरी विचारायचं.

अजूनही पेठेत कुणीतरी भेटतो आणि म्हणतो, “नागपूर, तुम्ही त्या पोराला उगाच वाचवलंत.” मी वाद घालत नाही. माझ्या अहवालात त्या पोराचं नाव साक्षीदार म्हणून आहे. ते तसंच राहणार. कुणाला काही म्हणायचं असेल तर मी गावी परत गेलेलो नाही, इथेच कोल्हापुरात राहतो. यावं, पुरावा आणावा आणि सही करावी.