थोरल्याचा कोरा चौकोन

माझ्या थोरल्या भावानं संशोधन करणाऱ्या मॅडमना फसवलं, आणि त्यात माझी मुलगी फसली.

मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून जरा घासलं की अंगावर फोड येतात, कातडी सोलून निघते. चिकलठाण्यात माझं रेक्झिन आणि ते चिकटवायच्या सोल्यूशनचं दुकान आहे. शून्यातून उभं केलंय, त्यामुळं कुठलाही माल उलटून पाहिल्याशिवाय मी घेत नाही. मॅडमनाही तसंच खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, कातडीचे दोन थर एका प्रथिनाच्या बारीक दोऱ्यांनी बांधलेले असतात. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकात चूक असली की दोरे कच्चे निघतात.

"म्हणजे खालचं कापड चांगलं, वरचा पापुद्रा चांगला, मधलं चिकटवणच खराब?"

"अगदी तसंच, काका."

"मग चांगलं बाहेरून लावता येईल?"

त्या हसल्या. "तेच तर शोधतोय."

जखमेवर लावायचं एक औषध होतं. त्यातून जनुकाची चांगली प्रत पेशींत जाते म्हणे. त्याची चाचणी व्हायची होती. मी दुकान विसरून दोन तास प्रश्न विचारत बसलो.

अडचण एकच. मुलीच्या जनुकातला बदल आधी कुणात नोंदलेला नव्हता. तोच घरातल्या दुसऱ्या आजारी माणसाच्या रक्तात सापडला तर खात्री होणार, आणि खात्री झाली तरच चाचणीत नाव. म्हणून मॅडम सोयगावला जाऊन थोरल्याकडून घराण्याची माहिती घेऊन आल्या. आमच्यात दोन पिढ्या मामाच्या मुलीशी लग्नं झाली, तेवढं त्यानं खरं सांगितलं. त्यांनी मला तक्ता दाखवला. आजारी पुरुषाचा चौकोन काळा करतात. थोरल्याचा कोरा होता.

"सौम्य आजारात नुसती पायाची नखं जातात. घरात कुणाचं तसं आहे का?"

मी त्या कोऱ्या चौकोनाकडं पुन्हा पाहिलं. थोरल्याच्या पायाच्या दहाही बोटांना नखं नाहीत. लहानपणी घरचे सांगायचे, बैलानं पाय दिला.

दुसऱ्या दिवशी सोयगाव गाठलं. भर उन्हाळ्यात गडी घरात मोजे घालून बसलेला.

"दादा, बैल दोन्ही पायांवर नाचला व्हय?"

"हळू बोल. पोरीला बघायला पाहुणे येणारेत. लग्न होऊ दे, मग घे की लई रक्त."

"तवर नावं घ्यायचं बंद होतंय!"

"माझ्या पोरीचं लग्न मोडलं तर तू बघणारेस?" म्हणून तो आत निघून गेला.

नावं महिनाअखेरपर्यंतच घेणार आहेत. माझ्या मुलीचं राहिलं, तर का राहिलं ते थोरल्यानं तिच्यासमोर बसून, मोजे काढून, स्वतःच्या तोंडानं सांगावं.