जावयाच्या मागाखाली

नागपुरात जितकी दारं कोणाच्या तोंडावर बंद झाली असतील, त्यातली निम्मी तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या तोंडावर झाली असावीत. माझ्या बायकोचे हे मामा देवी टोचण्याच्या सरकारी नोकरीत होते. साथ आली की आमची कोष्ट्यांची गल्ली त्यांना पाहून अशी पांगायची, जणू देवी त्यांच्याच झोळीतून येते. चहाच्या ठेल्यावर त्यांचा कप वेगळा. तो स्वतःच विसळत ते म्हणायचे, "माह्या कपाले दुसऱ्या कोनाचं तोंड लागत नाही. राजा आहो मी!" एखादी बाई पोर द्यायला का-कू करू लागली की आपल्याच दंडात सुई खुपसायचे. "हे पाह्य, टोचलं मले. मेलो काय वं मी?" त्या दंडावर टोचायला जागा उरली नव्हती.

पोरं लपवायची आमची जागा ठरलेली: मागाखालचा खड्डा, ज्यात विणकर पाय सोडून बसतो. मामाजी मागाशेजारी फतकल मारून सोयरिकींच्या गप्पा मारत बसायचे, ते खड्ड्यातलं पोर कंटाळून रडेपर्यंत. मग अलगद त्याला बाहेर काढायचे. एकाच घरचा खड्डा त्यांनी कधी पाहिला नाही, तो माझा. रीत म्हणून भाचीच्या घरचं पाणीही न पिणारा माणूस जावयाच्या मागाखाली हात कसा घालणार?

त्या वर्षी आई आणि बायको हट्टाला पेटल्या, टोचलं की देवी कोपते म्हणून. मी मॅट्रिक झालेला, गल्लीला पेपर वाचून दाखवणारा. पण खरं सांगायचं तर मीही भ्यालो होतो. तीन वर्षांची मुलगी माझ्या पायांशी, खड्ड्यात, तोंडात गुळाचा खडा. मामाजींनी उंबऱ्याबाहेरून हात जोडले.

"जवाईबापू, नातीले दवाखान्यात टोचून झालं न?"

"हो," मी म्हणालो. ते गेले.

महिन्याभरात तिला देवी आल्या. मामाजी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होते. तिच्या दंडावर टोचल्याची खूण नाही, हे त्यांनी पाहिलं आणि पांघरूण पुन्हा वर ओढलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांनी त्यांना चौकात घेरलं. "तूच आनला रोग भाचीच्या घरात!" मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "असन बाप्पा. माह्याच हातानं आला असन." आमच्या घरातल्या तिघांपैकी कोणीही तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मागच्या वर्षी ते वारले. खांद्याला माणसं कमी पडली, मी पुढे झालो. मागून कोणीतरी म्हणालं, "याच्यापायी पोरगी गेली, तरी खांदा देऊन राहिला. जवाई असावा तं असा."

मला रडू आवरेना. लोकांना तेही आवडलं.