सात गाठींची वाट

तुम्ही टायरकडे शेवटचं नीट कधी पाहिलंत? खरं सांगा. गाडीचा रंग पाहता, आरसा पुसता, शेजाऱ्याची गाडी आपल्यापेक्षा मोठी तर नाही ना, तेही तिरक्या डोळ्यानं बघून घेता. पण ज्या तळहाताएवढ्या रबरावर आपला अख्खा जीव टेकलेला असतो, त्याच्याकडे पंक्चर होईपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही. मीही बघत नव्हते. माझ्या त्या न बघण्यापायी एक दवाखाना दोनदा वाळूत रुतला.

म्हणून आज मी नेहमीसारखं मोर्च्याबद्दल लिहिणार नाही, हवामास्तरबद्दल लिहिणार आहे.

हवामास्तर हे त्याचं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं हाक मारली तर तोच मागे वळून दुसऱ्या कुणाला शोधेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं टायरचं दुकान. अर्धं शटर कायम अडकलेलं, त्यामुळे आत जाणारा प्रत्येक जण आपोआप मान झुकवतो. आत पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, खोकत चालणारा कॉम्प्रेसर, भिंतीला टेकून उभे टायर. आणि समोरच्या फळीवर बरण्या. औषधाच्या, कॉफीच्या, मिळेल त्या. प्रत्येकीत माती, वाळू नाहीतर खडी, आणि वर चिठ्ठी: ‘घाटाचं चौथं वळण’. ‘सिमेंट कारखान्याच्या मागे’. ‘कुत्रं आडवं आलं ती जागा’.

अक्षर त्याच्या बायकोचं. ती ट्रक चालवते, वीस वर्षं झाली. मास्तर मात्र आयुष्यात या शहराच्या वेशीबाहेर गेलेला नाही. कारण ऐकून हसाल. त्याला गाडी लागते. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाली, तर तिसऱ्याच किलोमीटरला त्यानं तिच्या नव्याकोऱ्या कपड्यांवर भडाभडा सकाळचा नाश्ता काढला. तेव्हापासून तो पायी जाईल तेवढंच त्याचं जग. ती मात्र जिथं जाईल तिथली मूठभर वाट घेऊन यायची. ‘नवऱ्याला फिरवून आणते’ म्हणायची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर एखादी बरणी पत्र्याच्या ताटात ओततो, चपला काढतो आणि त्यात अनवाणी उभा राहतो. डोळे मिटलेले. टाच जरा इकडे, जरा तिकडे. शटरच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी त्याच्या पायावरून हळूहळू सरकत असते, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरतं की वाटतं, हा माणूस इथं नाहीच. शेजारचा शिंपी ओरडतो, “मास्तर गावाला गेलेत हो! आले की निरोप देतो!”

मी त्याला खुळा समजत होते. आता माझं खूळ ऐका.

वाळवंटाच्या पलीकडे दगडखाणीची वस्ती आहे. तीनशे माणसं. छातीत दगडाची भुकटी, आणि साधा खोकला दाखवायचा तर दोन दिवसांची पायपीट. तीन वर्षं भांडून मी एका संस्थेकडून त्यांच्यासाठी फिरत्या दवाखान्याचा ट्रक मिळवला. चालवायला मास्तरची बायको, म्हणजे आमची वहिनी. टायर मी घेतले. मीच. मोठ्या चकचकीत दुकानात गेले, वाघाच्या जबड्यासारखे दात असलेले टायर पाहिले आणि म्हटलं, हेच. मास्तरला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. पंक्चर काढणाऱ्याला काय विचारायचं?

पहिल्या फेरीला ट्रक वाळूत अडकला. मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या फेरीला त्याच्याही अलीकडे अडकला. चाकं फिरत होती आणि स्वतःचीच कबर खणत होती. बर्फ वितळला, लशी वाया गेल्या, आम्ही हात हलवत परत. मग संस्थेचं पत्र आलं. भाषा गोड, मतलब कडू: तिसऱ्या फेरीतही गाडी वस्तीवर पोचली नाही, तर ती दुसरीकडे पाठवू.

तेव्हा कुठं मी मान झुकवून त्या अर्ध्या शटरखालून आत गेले.

“मास्तर, टायर निवडून द्या. घाई आहे.”

“रस्ता आणलात?” तो ट्यूब घमेल्यात दाबत होता. वरही बघितलं नाही.

“रस्ता काय पिशवीत घालून आणू?”

“हो. कशात आणणार मग?”

माझं डोकं फिरलं. “दादा, तिथं माणसं खोकून मरतायत, आणि तुम्ही मातीत पाय घालून मजा बघताय!”

त्यानं शांतपणे ट्यूबमधून निघणारे बुडबुडे पाहिले, तिथं खूण केली आणि म्हणाला, “ताई, चांभार पाय न बघता जोडा देत नाही. तुम्ही मला चाक दाखवताय. ते चालणार कशावरून?”

फळीवरून त्यानं एक बरणी उतरवली. वहिनीनं दुसऱ्या फेरीत आणलेली वाळू. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘ताईंचा खड्डा’.

मागे शिंपी फिसकन हसला. मी बरणी हातात घेतली. अक्षर स्वच्छ होतं.

“इथपर्यंतचं मला कळलं,” मास्तर म्हणाला. “याच्या पुढचं कुणी आणलेलं नाही. पुढं काय आहे?”

मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी त्या वस्तीच्या नावानं टेबलं बडवली होती, पण तिथल्या वाटेवर काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

वस्तीवरचा एक खाणकामगार दर पंधरवड्याला सामान न्यायला चालत शहरात येतो. त्याला मी निम्मी चिडून, निम्मी लाजून सांगितलं, “आमच्या मास्तरांना तुमच्या वाटेची माती पाहिजे म्हणे.” तो हसला नाही. मान डोलावून गेला.

पुढच्या पंधरवड्याला तो आला तो थेट मास्तरच्या दुकानात. खांद्यावरून एक लांब फडकं काढलं. त्याला ओळीनं सात गाठी.

“माझ्या आत्यानं दिलंय,” तो म्हणाला. “सत्तरीची आहे, जन्मभर दगड फोडला. तिला तुमचा निरोप सांगितला तर म्हणाली, शेवटी कुणीतरी शहाण्यानं विचारलं. मला म्हणाली, जाताना जिथं जिथं तुझी चाल बदलेल तिथं वाक, मूठभर उचल आणि गाठ मार. ही टोकाची गाठ तुमच्या शहराकडची. ती शेवटची आमच्या दाराजवळची. क्रम चुकवू नका.”

मास्तरनं ते फडकं दोन्ही हातांनी घेतलं. लहान बाळ घ्यावं तसं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याच्यासोबत ‘गावाला’ गेले. म्हणजे स्टुलावर बसून राहिले, पण गप्प बसले, आणि माझ्या बाबतीत तोही प्रवासच. तो एकेक गाठ सोडायचा, ताटात ओतायचा, पाय ठेवायचा. पहिली गाठ मुरमाची. दुसरी, तिसरी पिठासारख्या वाळूच्या. तिसरी ओतताना दुकानात बारीक धूर उडाला आणि उन्हाच्या पट्टीत कितीतरी वेळ तरंगत राहिला. चौथी जाडसर, गुलाबी. पाचवी पुन्हा पीठ. सहावी खारट, पापडी धरलेली. मास्तरचे डोळे मिटलेलेच. मला उगाच वाटलं, शटरबाहेर आता गल्ली नसेल. बाहेर गेलं तर सगळीकडे सपाट पांढरं असेल, आणि दूर कुणीतरी एकटंच चालत असेल, मधूनच वाकत असेल.

“हाय!”

सातवी गाठ. मास्तरनं पाय झटकन वर घेतला. अंगठ्यातून रक्त. ताटात काळे, पातळ तुकडे पडले होते, फुटक्या काचेसारखे.

“तुम्ही इथपर्यंत पोचला असता ना,” तो अंगठा दाबत म्हणाला, “तरी इथं फाटला असता.”

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या गोदामावर गेलो. तो पायीच निघाला, दीड तास. मीही मुकाट्यानं सोबत. गोदामवाला मला बघून म्हणाला, “या बाई! दातवाला माल आलाय, एकदम राकट.”

“राकट नको,” मी म्हटलं. “शहाणा पाहिजे.”

मास्तर रांगेतून हिंडला. नाक लावून रबर हुंगलं, नख रुतवून बघितलं, टायरच्या बाजूला गुडघा रेटून बघितला. एका ठिकाणी मला बोलावून बाजूवर कोरलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष.

“तुमच्या वाघाचे बघितले मी. सहा वर्षांचे होते. दुकानात उभ्या उभ्याही टायर म्हातारा होतो, ताई.”

“पण दात?”

“वाळू म्हणजे झोपलेलं माणूस. नखं लावलीत की जागं होतं आणि खाली ओढतं. त्याच्यावरून पसरट पावलानं, हवा कमी करून, हळू जायचं. त्याला कळताच कामा नये कोण गेलं.”

“आणि दगड?”

“दगड झोपत नाही. त्याच्यापुढं ताठ जायचं. कमी हवेनं टायरचं पोट बाहेर आलेलं असतं. ते पोट त्याला दाखवायचं नाही.”

त्यानं निवडलेले टायर दिसायला अगदी सामान्य. रुंद, उथळ नक्षीचे, गोल खांद्याचे. बाजूचं रबर मात्र असं जाड की गुडघा रेटला तरी हलेना. एकूण सहा, आणि वर दोन जास्तीचे. मी एकटी असते तर त्यांच्याकडे बघितलंही नसतं.

निघायच्या सकाळी वहिनीनं सातही गाठी पुन्हा मारून ते फडकं आरशाला बांधलं. मास्तरनं सहाही चाकांना हात लावला. बायकोला एवढंच म्हणाला, “हवा बघ.”

“बघते. तुम्ही जेवा वेळेवर.”

एवढंच. गाडी वळली तरी तो पाठमोरा उभा होता. वहिनी म्हणाली, “जाणाऱ्या गाडीकडे बघितलं तरी यांना मळमळतं.” मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, “असं सांगतात आपले.”

मुरूम संपला तशी तिनं गाडी थांबवली, चाकांची जवळजवळ निम्मी हवा सोडली आणि पहिली गाठ मोकळी केली. मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाजच गेला. पाच टनांची ती गाडी वाळूवरून अशी सरकत होती, जणू कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत. टेकड्या यायच्या, श्वास घेतल्यासारख्या वर व्हायच्या, मागे जायच्या. नर्सबाई डुलकी घेत होत्या. एका जागी, मागच्या फेरीत चाकाखाली घातलेल्या फळीचं टोक वाळूतून वर आलेलं दिसलं. वहिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. ताईंचा खड्डा. त्याच्या अंगावरून आम्ही गेलो आणि त्याला कळलंही नाही.

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. मिठाची पापडी चुरचुरत गेली, तिनं सहावी गाठ सोडली, आणि समोर वस्ती दिसली! पत्र्याची छपरं, बाहेर उभी माणसं, कुणीतरी कापड हलवत होतं.

“पोचलो! हाण गाडी!” मी ओरडले.

वहिनीनं इंजिन कमी केलं आणि ब्रेक लावला.

“काय झालं?”

“सातवी गाठ.” ती खाली उतरून हवेची नळी जोडायला लागली.

सहा चाकं. एकेकाला दहा मिनिटं. वस्ती डोळ्यांसमोर, आणि आम्ही हवा भरतोय! “अगं ती बघ माणसं! एवढंसं अंतर! तुझ्या नवऱ्याचा अंगठा कापला म्हणून आपण तासभर इथं उभं राहायचं?” मी बरंच काही बोलले. मला बोलायला कधी कमी पडत नाही.

वहिनी चाकाशी वाकलेलीच होती. “ताई, ओरडून टायर भरले असते तर मी तुम्हालाच नळी लावली असती.”

नर्सबाई खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसल्या.

तिसरं चाक भरत असताना वस्तीकडून एक म्हातारी चालत आली. सरळ, अजिबात न घाबरता, त्या काळ्या तुकड्यांवरून. आत्या. तिनं आरशाला लटकलेलं फडकं बघितलं, उरलेली एकच गाठ बघितली, आणि मान डोलावली. माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. जाड, काळ्या, टायर कापून केलेल्या चपला.

“चांगल्या आहेत,” मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

“पंधरा वर्षांपूर्वी एक गाडी आली होती,” आत्या म्हणाली. “औषधं घेऊन. इथंच, अशीच वस्ती दिसली म्हणून धावत सुटली. सगळी चाकं फाटली. माणसं चालत परत गेली, पुन्हा आली नाहीत. त्याच गाडीच्या चपला घालतोय आम्ही सगळे.”

चौथ्या, पाचव्या, सहाव्या चाकाची नळी मी धरली.

मग वहिनीनं गाडी चालवली, पायी चालण्याच्या वेगानं. चाकांखाली ते दगड टकटक वाजत होते, दारावर कुणी हळूच बोट मारावं तसे. आत्या पुढं चालत होती. आणि गाडी वस्तीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सहाच्या सहा चाकांवर.

दोन दिवसांत दोनशे अकरा माणसं तपासली. ते मी संस्थेला लिहिलं आहे, इथं लिहीत नाही. गाडी आता आमचीच राहिली आहे.

परत आलो तेव्हा मास्तर शटरबाहेर उभा होता. तो आधी बायकोजवळ गेला, तिच्या खांद्यावरची धूळ झटकली, आणि मग चाकांजवळ बसला. डोळे मिटून एकेका टायरवरून तळहात फिरवत गेला.

“इथं बराच वेळ थांबलात. भांडण झालं.”

मी चाट पडले. “हे टायरवर दिसतं?”

“टायरवर नाही, ताई. तुमच्या तोंडावर.”

वहिनीनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत्याच्या उंबऱ्याची माती. मास्तरनं ती ताटात ओतली, चपला काढल्या, उभा राहिला. उन्हाची पट्टी सरकत सरकत त्याच्या पावलावर आली. कॉम्प्रेसर खोकायचा थांबला. आम्ही दोघी बघत होतो.

“काय दिसतंय?” बायकोनं हळूच विचारलं.

“पत्र्याची छपरं,” तो म्हणाला. “पोचलो गं.”

या वेळी शिंपीही शटरखालून मान झुकवून आत आला.

दवाखान्याची दुसरी वस्ती खाणीच्याही पलीकडे आहे. तिसरी डोंगरात आहे. तिथं कुठले टायर चालतील, हे मला माहीत नाही, आणि आता तसं कबूल करायची लाजही वाटत नाही. फळीवर अजून जागा आहे. तुम्ही जिथं राहता तिथली वाट कुणी आणून दिलेली नाही. तेव्हा कधी आमच्या गल्लीत आलात, तर हात हलवत येऊ नका. घरून निघाल्यावर जिथं जिथं तुमची चाल बदलेल तिथं वाका, मूठभर उचला, गाठ मारा, आणि मास्तरला आणून द्या. क्रम मात्र चुकवू नका.