टाकीतलं तीर्थ

देवीनं संकटातून सोडवलं, असे अनुभव लोक सांगतात. मला तिनं माझ्याच तावडीतून सोडवलं आणि ते सांगताना आजही मान वर होत नाही. म्हणून इतकी वर्षं लिहायचं टाळलं. आता वय झालं, लपवून कोणाला दाखवायचं आहे?

मी तेव्हा अमरावतीला वकिली करत होतो. राग नाकावर, आवाज चढा, आणि आपण फार भाविक आहोत याचा मनातून ताठा. दर शुक्रवारी अंबादेवीचं दर्शन चुकवायचो नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी एक जुनी मोटार घेतली. पूजा केली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. नवी वस्तू घरात आली की तिच्यावर तीर्थ शिंपडतात, तेही केलं. पण माझं समाधान एवढ्यावर कसलं होतंय! तीर्थ गाडीच्या पोटात गेलं पाहिजे, असं माझ्या भक्तीनं ठरवलं. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि डोळे मिटून लोटीभर तीर्थ आत ओतलं. पुढे दर शुक्रवारचा तो नेमच झाला.

आठवड्याभरात गाडी आचके देऊ लागली. राजापेठेतल्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री जवळच्या भातकुली गावचा, शांत, कमी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी त्यानं घरच्यांसह बुद्धधम्माची दीक्षा घेतली होती. त्यानं कार्बोरेटर खोलून पाहिला, टाकी उतरवली आणि म्हणाला, "साहेब, पेट्रोलात पाणी निंगालं." सगळं साफ करून दिलं. गाडी चार दिवस नीट चालली आणि शुक्रवारनंतर पुन्हा तेच. पुन्हा त्यानं टाकी धुतली, पुन्हा पाणी. गाडी जितकी अडायची तितकं मी तीर्थ वाढवत होतो. तिसऱ्या वेळी तो जरा चाचरत म्हणाला, "राग नका मानू वकीलसाहेब, पण घरचं कोनी टाकीत पाणी टाकून तं नाई राहिलं?"

झालं! माझा पारा चढला. माझ्या घरात असा मूर्ख कोण आहे, असं मी ओरडलो. तूच पेट्रोल काढून घेतोस आणि वर पाणी भरतोस, म्हणालो. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. गर्दी पाहून मला कोर्टात उभं राहिल्यासारखा चेव आला आणि मी म्हणालो, "घरातले देव ज्यांनी बाहेर काढले, त्यांच्या इमानाचा काय भरवसा?"

त्यानं हातातला चिंधीचा बोळा खाली ठेवला. "मले जे दिसलं ते मी सांगतलं, साहेब," एवढंच म्हणून तो आत गेला. मी तरी थांबावं की नाही? नाही. मी गॅरेजच्या मालकाला बजावलं की हा माणूस इथं राहिला तर एकही वकील तुझ्याकडे गाडी आणणार नाही. मालक घाबरला. म्हणाला, "शनिवारी काढतो त्याले."

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी देवीला गेलो, तीर्थ आणलं, टाकीत ओतलं, उरलेलं बाटलीत भरून सोबत घेतलं आणि अकोल्याला बहिणीकडे निघालो. बडनेऱ्यालाच गाडी खोकायला लागली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती बंद पडली ती पडलीच. दोन्ही बाजूंना कापूस फुललेला, भर दुपार, सावली कुठे नाही. मी मिस्त्रीला मनसोक्त शिव्या दिल्या. मग हात जोडले, बाटली काढली आणि टाकीचं झाकण उघडलं.

शेतात वेचणी करणारी एक म्हातारी कापसाची ओटी सांभाळत बांधापर्यंत आली होती. बराच वेळ ती माझे प्रकार पाहत असावी. "काय टाकून राहिला रे बावा त्याच्यात?"

"अंबादेवीचं तीर्थ आहे, आजी."

"अन् ते कशावर चालते?"

"पेट्रोलवर."

ती हसली नाही. लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, "कंदिलात राकेलासंगं पाणी गेलं तं कंदील भुरभुरते अन् विझते. तीर्थ तोंडात घ्याचं असते न बाप्पा. मोटारीले पाजाले आईनं तुले कवा सांगतलं?"

तीर्थ म्हणजे पाणी, हे तोपर्यंत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. खरं सांगतो, एकदाही नाही. त्या माणसानं तीनदा पाणी पाणी म्हणून सांगितलं आणि मी प्रत्येक वेळी पाणी घालणारा बाहेर शोधला. मी तिथेच मातीत बसलो. मोटारीचं काही सुचेना. डोळ्यांपुढे तो चिंधीचा बोळा आणि उद्याचा शनिवार.

गाडी तिथेच सोडली आणि मिळेल त्या बसनं परतलो. दिवस मावळायच्या आत गॅरेजात पोचलो, तर मालक म्हणतो, "तुमी एवढे तापले होते, म्हणून आजच काढलं त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी भातकुली गाठली. मिस्त्री ओट्यावर बसला होता. त्याच्या बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. माझा हात क्षणभर अडला, हेही लिहितो, कारण अडला होता. मग मी ते पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. तीर्थाचं ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"इथं कोन हाय ऐकाले?" तो म्हणाला. "माहं काम गेलं त्याचं नाई एवढं. चोर म्हनलं ते लागलं. जिथं बोलले तिथंच बोला, लोक असतील तवा."

आम्ही दोघं एकाच बसनं राजापेठेत आलो. बाजार भरात होता. गॅरेजसमोर उभा राहिलो आणि कोर्ट गाजवणारा माझा आवाज फुटेना. मनात म्हटलं, आई, आता तूच बघ. मग बोललो. पाणी मीच घातलं, चोरीचा आळ खोटा होता, आणि याच्या धम्मावरून जे बोललो ते नीचपणाचं होतं. कोणीतरी फिसकन हसलं, कोणी "वकीलसाहेबानं मोटारीले तीर्थ पाजलं" म्हणालं. हसू दिलं. मालकानं खाली मान घालून त्याला परत यायला सांगितलं. त्यानं कामाचा सदरा चढवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गाडी आना ओढून. टाकी धुवा लागन."

क्षमा केली असं तो त्या दिवशी म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही. गाडी मात्र मी विकेपर्यंत त्याच्याच हाती राहिली आणि पुन्हा पाण्यानं अडली नाही.

ती म्हातारी मला परत दिसली नाही असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यांना बरं वाटलं असतं. पण ती दिसली, पुढच्याच वेचणीला, त्याच शेतात. मी पाया पडलो तर दचकली. "कोन्ता मोटारवाला? मले नाई आठवत बावा," म्हणाली आणि कापूस वेचायला लागली. मला त्यातच देवी भेटली, याहून जास्त मला सांगता येत नाही.

अजूनही दर शुक्रवारी जातो. ओंजळीतलं तीर्थ तोंडात घेतो आणि जरा वेळ तसंच जिभेवर धरून ठेवतो. त्याची गरज मोटारीला कधी नव्हतीच.