इटालियन खुर्ची आणि बाजेची दोरी

कुवेतला जायचं ठरलं ते पत्रातल्या एका ओळीमुळे. "इथे दोन इटालियन खुर्च्यांनी माझी झोप उडवलीय." आमचे हे, इब्राहिम, तिथल्या एका फर्निचरच्या दुकानात सोफे-खुर्च्या मढवायचे. लग्नाला तीन वर्षं झालेली आणि सोबतीचे महिने बोटांवर मोजावेत इतके. म्हटलं, खुर्च्या झोप उडवतात आणि बायको नाही? निघालेच!

ही पन्नासच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. रत्नागिरीहून बोटीने मुंबई आणि तिथून डेकच्या तिकिटावर कराची, बहारीन करत कुवेत. सोबत जाड सतरंजी आणि लिंबाचं लोणचं होतं, म्हणून निभावलं. तुम्ही आता विमानाने काही तासांत पोचाल आणि तिथल्या मंगफ वस्तीत कुणाच्या फ्लॅटवर एसी लावून बसाल. तरी जा मात्र थंडीतच. तेव्हा पैसे बदलायची कटकट नव्हती, आपलाच रुपया चालायचा. तिथे झुबैदी म्हणतात ते आपलं पापलेट. गरम खुबूस रोटीबरोबर मी ते इतकं हाणलं की हे म्हणाले, "अगं, बोटीत उपाशी ठेवलं होतं की काय?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्या खुर्च्या पाहिल्या. काय नजाकत! पाय वल्ह्यासारखे निमुळते, हात अलगद वळवलेले. हे कौतुकाने सांगू लागले, "लाकूडकाम युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांचं बघून केलंय आणि रबर मोटारीच्या सीटवरून उचललंय. स्प्रिंगा काढूनच टाकल्या! बैठकीखाली नुसते रबरी पट्टे." ते पट्टे कुवेतच्या उन्हाने तडकले होते. इटलीहून नवे यायला कैक महिने. म्हणून ह्यांनी खाटेला विणतात ती सुती पट्टी, नवार, ठोकली, तर आठवड्यात तिची झोळी झाली. खुर्च्या बड्या गिऱ्हाइकाच्या. मुंबईत व्यापार केलेल्या दुकानमालक शेठने हिंदीत बजावलं होतं, "जुमेरात तक ठीक करो, नहीं तो अगली बोट से घर जाओ."

म्हणजे गुरुवारपर्यंत. हातात तीन दिवस.

मी खुर्ची उलटी केली. "दोन्ही टोकं खिळ्यांनी ठोकलीत? मग नवार ढिली पडणारच! आपल्या बाजेला पायथ्याशी दोरी कशाला असते?"

ह्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. घरी सासूबाई दर शुक्रवारी मला बाजेची ती दोरी ताणायला लावायच्या आणि मी मनातल्या मनात चरफडायचे.

नवारीची मागची टोकं आम्ही सोडवली, एका दांड्यावर शिवली आणि तो दांडा दोरीने चौकटीला ओढून बांधला. सैल पडली की दोरी ओढा, झालं! गुरुवारी शेठ बसला, उठला, परत बसला. "किसने किया?"

हे सरळ स्वतःचं नाव सांगू शकले असते. म्हणाले, "मेरी बीवी ने."

शेठ खदखदून हसला. नोकरी राहिली, वर मला डबाभर खजूर मिळाला. त्या माणसाला मी अजून दुवा देते. आणि ह्यांच्या त्या तीन शब्दांसाठी अल्लाचे किती आभार मानू?

तीन महिन्यांनी घरी परतले आणि दारातच सासूबाईंचे हात धरले. "अम्मा, तुमच्या बाजेच्या दोरीने तुमच्या लेकाची नोकरी वाचवली." त्यांनी सगळं ऐकलं, पदराने डोळे टिपले आणि बाजेवर बसल्या. बाज खोल गेली.

"आणि ही कोण ताणणार? तू गेल्यापासून माझी पाठ जमिनीला लागतेय."

ट्रंक दारातच ठेवून मी दोरी ओढायला बसले. न चरफडता, पहिल्यांदाच.