काळ्या काठाचे सहा जोड

भर जूनच्या उन्हात लोकरीचे हातमोजे विकायला बसलेला माणूस परक्याला खुळाच वाटेल. पण लाटव्हियात, रीगाबाहेर तळ्याकाठी, पाइनच्या झाडीत भरणाऱ्या या जत्रेत बाया थंडीची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवतात. एकतीस वर्षं इल्गोनिस इथे आपल्या टोपल्या मांडायचा आणि शेजारच्या स्टुलावर त्याची बायको स्काइद्रीते हातमोजे विणत, विकत बसायची. जानेवारीत ती गेली. स्टूल मात्र त्याने यंदाही आणलं होतं, उगीचच. गिऱ्हाइकं त्यावर खुशाल पिशव्या ठेवत, आणि दर वेळी म्हातारा त्या उचलून खाली ठेवी.

तिचा उरलासुरला माल संपवावा म्हणून त्याने तिची पेटी उपसली होती. तळाशी कापडात बांधलेले सहा जोड निघाले. करडे, काळ्या काठाचे, सगळे दांडग्या पुरुषी हाताचे. बायकोच्या पेटीत कोण कधी डोकावतंय! माल झकास आहे म्हणून त्याने ते दोरीवर सगळ्यांत पुढे टांगले. अकराच्या आत एका जर्मन जोडप्याने दोन जोड उचललेसुद्धा.

समोर टॉवेल विकणारी वेल्टा पावावर धुरी दिलेला मासा ठेवून घेऊन आली.

"खा. सकाळपासून पोटात काही नसेल," म्हणता म्हणता तिची नजर दोरीवर गेली. "अरे इल्गोनिस! अक्कल गहाण टाकलीस का? हे विकायला काढलेस?"

"का गं? दोन गेलेसुद्धा."

"देवा रे! शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांना रीतीचे द्यायचे असतात ते!"

"ते वाटले की. तिच्या बहिणीने, दफनाच्या दिवशीच."

"ते तिच्या वेळचे. हे तुझ्या वेळचे." वेल्टाचा आवाज खाली आला. "गेल्या उन्हाळ्यात इथेच बसून संपवले तिने. म्हणाली, माझ्यामागे हा बावळट कुणाच्या हातात काय देणार? त्याचंही करून ठेवते."

इल्गोनिस उठला आणि दुकान तसंच टाकून धावत सुटला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण मडकीवाल्यांच्या रांगेतून थेट फाटकापर्यंत गेला. इतक्या गर्दीत ते दोघे कुठले सापडायला! परत आला तो घामाने निथळत.

"चार आहेत ना अजून," वेल्टा म्हणाली. "काढून ठेव." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ती गेली.

त्याने चारही जोड मांडीवर घेतले आणि खांदा देणारी माणसं मोजायला लागला. वेल्टाचा नवरा इमान्त्स. गुडघे गेलेत त्याचे, पण येईल. शेजारचा ओयार्स. हे दोन जोड त्याने खिशात कोंबले. तिसरा जोड मुलाचा, गातिसचा. तो आयर्लंडला. आईच्या वेळी दफनाच्या दुसऱ्या दिवशी पोचला, चार तास बसला, गेला. फोन ईस्टरला आला होता. चौथा कोण? वाल्दिस कुंभार गेला, लोहार गेला, बरोबरीचे सगळेच गेले. इल्गोनिस बराच वेळ नाव शोधत राहिला. फार एकटं वाटलं त्याला. तिला पुरून घरी आला त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं.

शेवटी उठून त्याने चौथा जोड दोरीवर परत टांगला.

दुपार कलताना एक बाई आली, तिने तो घेतला, आणि त्याच्या मांडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, तोही द्या ना. माझ्या भावाला होईल."

"हा विकायचा नाही. मुलाचा आहे, आयर्लंडला असतो तो."

"अगंबाई, नशीबवान आहे मुलगा! येतो का थंडीत?"

"नाही, त्याला जमत नाही," इल्गोनिस म्हणाला आणि जोड नीट घडी करून रिकाम्या स्टुलावर ठेवला. "पण यासाठी एकदा यावंच लागेल त्याला."