सामन्याआधीचं ताकदीचं इंजेक्शन

अमडापूरच्या कबड्डीवाल्या मित्रांनो, आज चिखलीला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो होतो. वर्षात तिसऱ्यांदा कंबर धरली.

सामन्याआधी काय घेतोस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ताकदीचं इंजेक्शन. आपले कोच भाऊ देतात. गेल्या सामन्याची रिकामी बाटली बॅगेत होती, ती दाखवली.

मॅडम म्हणाल्या, "हे दुखणं दाबायचं औषध आहे. त्याच्या जोरावर दुखऱ्या कमरेनं खेळतोस, म्हणून माझे व्यायाम वाया जातात."

घरी आम्ही सगळा दोष फवारणीच्या पंपाला दिला होता. माझी कंबर सुधारावी म्हणून यंदा कपाशीवर बोंडअळीची फवारणी बाबांनी केली. साठीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन.

बाहेर येऊन कोच भाऊंना फोन लावला.

"भाऊ, काऊन सांगतलं नाही मले?"

"सांगतलं असतं त खेळला असता का बे तू?"

खेळलो असतो. फायनल गावाची होती. पण कंबर कशानं जाते ते मला कळलं असतं, आणि पंप बाबांच्या पाठीवर गेला नसता.

तुम्हालाही तेच इंजेक्शन मिळायचं का? की तुम्हाला माहीत होतं?